एक उकार दुरुस्त करायचा आहे: मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मदतपानांचे शुद्धलेखन

‘सुरु करा’, ‘चुक आढळली’, ‘पुर्ण झाले’. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूंत आणि मदतपानांत अशी रूपे हटकून भेटतात. दुरुस्ती एका उकाराची असते. पण तो उकार ज्या फायलीत बसला आहे तिथवर पोहोचायचे, आजूबाजूचे काही न मोडता तो बदलायचा आणि प्रकल्प सांभाळणाऱ्याला पाच मिनिटांत तपासता येईल अशा रूपात तो धाडायचा, हे खरे काम. (खाली आज्ञा, पर्याय आणि खुणा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन.)

चूक राहते कुठे

संकेतस्थळावर दिसणारे पान हा तयार माल असतो; कच्चा माल दुसरीकडे असतो. त्यामुळे आधी हे ठरवा की चूक तीनपैकी कुठल्या घरातली आहे.

पहिले घर मूळ इंग्रजी मजकुराचे. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची मदतपाने ‘मॅलार्ड’ या मांडणीतल्या ‘पेज’ फायलींत असतात, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची डॉकबुकमध्ये, पायथन आणि जँगोची रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, तर गिटहबवरच्या बहुसंख्य प्रकल्पांची मार्कडाउनमध्ये. मूळ इंग्रजीच चुकले असेल तर ते इथेच दुरुस्त होते. अनुवादकाने ते आपल्या फायलीत ‘सुधारून’ काही उपयोग नाही.

दुसरे घर अनुवादाचे. बहुतेक ठिकाणी ही पीओ फाइल असते: ‘एमएसजीआयडी’ या ओळीत इंग्रजी मूळ, ‘एमएसजीएसटीआर’मध्ये मराठी. मराठी फायलीचे नाव बहुधा ‘एमआर’ने सुरू होते. ग्नोमच्या मदतपानांतून ‘आयटीएस-टूल’ वाक्ये बाहेर काढते आणि अनुवाद झाल्यावर परत पानात बसवते. म्हणून तयार पान हाताने दुरुस्त केलेत तर पुढच्या बांधणीत, म्हणजे मूळ फायलींतून पान पुन्हा तयार होताना, ते पुसले जाते.

तिसरे घर फॉन्टचे, आणि इथे नवखे फसतात. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर ती शुद्धलेखनाची चूक नाही. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण निवडले जाते. तक्रार करायचीच तर भाषेच्या त्या नोंदीबद्दल करा. जोडाक्षर फुटलेले दिसले तर मजकूर उचलून दुसऱ्या संपादकात चिकटवून पाहा. तिथे नीट दिसला तर मजकूर निर्दोष आहे.

घर सापडत नसेल तर चुकीच्या शब्दासकट सलग चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत घालून प्रकल्पाच्या कोठारात (सगळ्या मूळ फायली असतात तिथे) शोधा. आणि शोध नेहमी चालू शाखेत, म्हणजे सध्या काम चाललेल्या प्रतीत, घ्या. तुमच्या संगणकावरची आवृत्ती दोन वर्षे जुनी असू शकते आणि ती चूक केव्हाच कुणीतरी काढून टाकलेली असते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीवर बसून पाठवलेल्या दुरुस्त्या बऱ्याचदा अशाच शिळ्या निघतात.

इंग्रजी मूळ दुरुस्त करताना

गिटहबवर एका पानापुरते काम असेल तर संगणकावर काही उतरवून घ्यायची गरज नाही. फाइल उघडा, पेन्सिलचे चिन्ह दाबा, शब्द बदला, बदल सुचवा. तुमच्या खात्यात प्रत आपोआप तयार होते आणि तिथूनच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, जाते. अनेक पाने चाळायची असतील तर ‘कोडस्पेल’ हा स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम वापरा. तो शब्दकोश घेऊन बसत नाही. त्याच्याकडे नेहमी होणाऱ्या चुकांची आणि त्यांच्या बरोबर रूपांची यादी असते. म्हणून तांत्रिक शब्दांवर तो फारसा भुंकत नाही. फोल्डरचे नाव दिले की फाइल, ओळ, चूक आणि सुचवलेले रूप छापतो. ‘-डब्ल्यू’ पर्यायाने थेट बदल लिहितो, पण तो पर्याय एकटा लावू नका. त्याला ‘-आय ३’ जोडून प्रत्येक बदल विचारून घ्या.

विचारून घ्यायचे कारण असे की काही चुका दुरुस्त करायच्याच नसतात. ‘रेफरर’ या एचटीटीपी हेडरच्या (कुठल्या पानावरून आलो ते ब्राउझर सर्व्हरला सांगतो त्या ओळीच्या) इंग्रजी नावात चार ‘आर’ हवेत. एचटीटीपीचे वर्णन करणाऱ्या १९९६च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते तीन ‘आर’ घेऊन आले आणि आता सगळे जग त्याच रूपावर चालते. युनिक्समधल्या फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या सिस्टीम कॉलला शेवटचा ‘ई’ नाही. मदतपानात अशी नावे सुधारली तर वाचणारा ती टंकेल आणि त्याचा प्रोग्रॅम चालणार नाही. प्रोग्रॅम प्रत्यक्षात छापतो त्या संदेशाचा उतारा, परवान्याचा मजकूर, जुन्या बदलांच्या नोंदी आणि बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्रऱ्यांची फोल्डरे यांनाही हात लावू नका. संदेशातच चूक असेल तर आधी ती कोडमध्ये दुरुस्त व्हायला हवी, मग उताऱ्यात. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग हा चुकीचा मामला नाही, प्रकल्पाच्या पसंतीचा आहे.

दोन सापळे खास मांडणीचे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये शीर्षकाखालची रेघ निदान शीर्षकाइतकी लांब लागते. गळलेले एक अक्षर भरले की शीर्षक रेघेपेक्षा लांब होते आणि बांधणी इशारा देते. रेघही एका खुणेने वाढवा. दुसरे म्हणजे शीर्षकाच्या शब्दांवरूनच त्या भागाचा दुवा तयार होतो. शीर्षकातले स्पेलिंग बदलले की बाहेरून त्या भागाकडे येणारे दुवे तुटतात. जुने रूप कोठारात शोधून निदान आतले दुवे तरी त्याच बदलात जुळवा.

आणि आता तो परिणाम, जो इंग्रजी दुरुस्त करणाऱ्याला दिसत नाही पण अनुवादकांना सोसावा लागतो. मूळ वाक्यात एक अक्षर जरी बदलले तरी पीओ फायली हाताळणाऱ्या गेटटेक्स्ट या साधनसंचाच्या लेखी ते नवे वाक्य असते. पुढच्या जुळवणीत जुना अनुवाद ‘फझी’ अशी खूण घेऊन बसतो आणि फझी वाक्ये सहसा तयार फायलीत घेतली जात नाहीत. म्हणजे इंग्रजीतला एक ‘ई’ सुधारला की मराठी, तमिळ, फ्रेंच, सगळीकडे ते वाक्य पुन्हा इंग्रजीत दिसू लागते, कुणीतरी येऊन खूण काढेपर्यंत. म्हणूनच ग्नोमसारख्या प्रकल्पांत, ज्यांची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, प्रकाशनाच्या आधी वाक्ये गोठवतात. त्या काळात स्पेलिंगची दुरुस्तीही परवानगीशिवाय होत नाही. तुमची दुरुस्ती त्या काळात अडकली तर रागावू नका. पीओ४ए या अनुवादसाधनांच्या संचात ‘एमएसजी-अनटायपॉट’ नावाचे साधन नेमके यासाठी आहे: जुना आणि नवा साचा (मूळ वाक्यांची, अनुवाद नसलेली फाइल) दिला की केवळ स्पेलिंग बदललेली मूळ वाक्ये ते सगळ्या भाषांच्या फायलींत जुळवते, अनुवाद फझी होऊ देत नाही. प्रकल्प सांभाळणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर पुल रिक्वेस्टमध्ये एका ओळीत सांगा. त्याचे आभार अनुवादक मानतील.

मराठी मजकूर: कुठल्या चुका शोधायच्या

प्रमाण म्हणून महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेले अठरा नियम धरा: १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये जोडलेले चार. सॉफ्टवेअरच्या मजकुरात सगळे अठरा नियम लागत नाहीत. चार-पाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तीच ठेच लागते.

शेवटचा इकार-उकार दीर्घ. ‘सुरु’ नव्हे ‘सुरू’, ‘चालु’ नव्हे ‘चालू’, ‘स्थिति’ नव्हे ‘स्थिती’, ‘कि’ नव्हे ‘की’. अपवाद ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’, ‘तथापि’सारखी संस्कृतातून तशीच आलेली अव्यये. मात्र समासात पहिले पद मूळ संस्कृत ह्रस्व रूपात जाते: ‘आवृत्ती’, पण ‘आवृत्तिक्रमांक’, ‘स्थिती’, पण ‘स्थितिदर्शक’. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याचेच भूत उभे राहणार आहे.

‘ऊन’ प्रत्यय नेहमी दीर्घ: ‘वापरून’, ‘करून’, ‘जोडून’, ‘इथून’. ‘वापरुन’ हे बहुधा मदतपानांतले सर्वांत जास्त वेळा चुकलेले रूप असावे, कारण इंग्रजी सूचनांतले निम्मे अनुवाद ‘अमुक वापरून तमुक करा’ या साच्यातच बसतात.

उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचे) ह्रस्व-दीर्घ आणि सामान्यरूप. ‘चूक आढळली’, पण ‘चुकीचा पासवर्ड’. ‘मूळ फाइल’, पण ‘मुळातली’. शब्द जसाच्या तसा उभा असताना दीर्घ आणि प्रत्यय लागला की ह्रस्व. गंमत अशी की एकाच फायलीत दोन्ही बाजूंच्या चुका सापडतात: वर ‘चुक आढळली’ आणि खाली ‘चूकीचा पासवर्ड’. एकाने ऐकून लिहिलेले असते, दुसऱ्याने शब्दकोशातून उचललेले. तसेच ‘माहीत नाही’ दीर्घ, ‘माहिती’ ह्रस्व. आणि ‘दुरुस्त’, ‘दुरुस्ती’ यांत दोन्ही उकार ह्रस्व.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे: ‘पूर्ण’, ‘सूचना’, ‘पूर्व’.

अनुस्वाराच्या दोन चुका आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. ‘नांव’, ‘कांही’ यांतला न उच्चारला जाणारा अनुस्वार काढायचा. तो राहिला तरी अर्थ बिघडत नाही. पण अनेकवचनाचा अनुस्वार गळला तर अर्थच फिरतो. ‘वापरकर्त्याच्या फायली पुसल्या जातील’ आणि ‘वापरकर्त्यांच्या फायली पुसल्या जातील’ यांत एका माणसाच्या फायली जाणार की सगळ्यांच्या, हा फरक आहे. वेळ थोडा असेल तर आधी हे दुसरे शोधा.

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘स्वत:’मध्ये बऱ्याच ठिकाणी अपूर्णविराम टंकलेला असतो, तिथे विसर्ग हवा, ‘स्वतः’. उलट ‘नावः’, ‘पासवर्डः’ या खणांच्या शीर्षकांत विसर्ग पडलेला असतो. तिथे अपूर्णविराम हवा. पडद्यावर दोन्ही दोन ठिपकेच, म्हणून वाचताना निसटते.

शब्दयोगी अव्यय तोडलेले: ‘फाइल मध्ये’, ‘संगणका वर’. जोडून लिहा.

परक्या शब्दांत मात्र हात आखडता घ्या. ‘फाइल’ की ‘फाईल’, ‘व्हिडिओ’ की ‘व्हिडीओ’, ‘ई-मेल’ की ‘ईमेल’, हा शुद्धलेखनाचा प्रश्न म्हणून मांडलात तर वाद संपणार नाही. दोन्ही रूपे प्रकल्पात किती वेळा आली आहेत ते मोजा, शब्दावलीत काय आहे ते पाहा, जास्त असलेल्या रूपाकडे झुका. ‘फ्युएल’ या उपक्रमात नेहमीच्या मेनूशब्दांच्या भारतीय भाषांतल्या याद्या एकत्र केलेल्या आहेत; शब्द निवडताना त्यांचा आधार देता येतो. ‘झाले’ आणि ‘झालं’ यांचेही तेच. दोन्ही मराठीच आहेत, फक्त एका पानात दोन्ही नकोत.

यंत्राने काय साधते, काय नाही

हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी शब्दकोश ‘एमआर-इन’ या नावाने मिळतो. फेडोरा या लिनक्स वितरणात पुडक्याचे नाव ‘हनस्पेल-एमआर’. ‘-एल’ पर्यायाने तो फक्त शंकास्पद शब्दांची यादी देतो. पीओ फायलीवर चालवलात तर इंग्रजी शब्दही यादीत येतील. देवनागरी ओळी तेवढ्या ठेवा. मग यादी क्रमाने लावून एकसारखे शब्द मोजा आणि संख्येच्या उतरत्या क्रमाने वाचा. वरच्या चाळीस-पन्नास शब्दांतच बहुतेक खऱ्या चुका हाती लागतात. खालची लांब शेपटी मुख्यत्वे निर्दोष असते: मराठीत एका शब्दाला विभक्ती, शब्दयोगी अव्यय, परत ‘च’ आणि ‘ही’ लागत जातात, आणि ‘संगणकांवरच्याही’सारखे रूप कुठल्याही यादीत नसते. म्हणून हनस्पेलला पंच मानू नका. तो बोट दाखवतो, निकाल तुम्ही द्यायचा.

कोडस्पेलला ‘-डी’ (कॅपिटल डी) पर्यायाने स्वतःची मराठी यादी देता येते, दर ओळीत चूक, बाण आणि बरोबर रूप. पण तशीच दिली तर काही सापडत नाही आणि माणूस गोंधळतो. कारण कोडस्पेल ज्या पायथन भाषेत लिहिला आहे तिच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले साचे शोधण्याच्या सूत्रांत) ‘शब्दातले अक्षर’ म्हणजे अक्षरे आणि अंक; काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार त्यात धरत नाहीत. ‘सुरु’ हा त्याच्या दृष्टीने एक शब्द नसून ‘स’ आणि ‘र’ असे दोन तुकडे आहेत. ‘--रेजेक्स’ पर्यायाने शब्दाची व्याख्या बदला: युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या संकेतांकयादीत) ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा, शिवाय २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य जोडचिन्हे. मग यादी चालते.

हीच अडचण शोधून बदलण्यात. ‘शब्दाची सीमा’ दाखवणारी ‘\बी’ ही खूण देवनागरीत भरवशाची नाही. उकाराच्या आधीच शब्द संपला असे ती मानते. आणि सीमा न पाहता सरसकट बदल केलात तर काय होते ते पाहा. ‘सुरु’च्या जागी ‘सुरू’ घातले की ‘सुरुवात’चे ‘सुरूवात’ झाले. ‘मुळ’चे ‘मूळ’ केले की ‘यामुळे’ बिघडले. ‘आवृत्ति’चे ‘आवृत्ती’ केले की ‘आवृत्तिक्रमांक’ मोडला. ‘कि’चे ‘की’ केले तर ‘किंवा’ आणि ‘किती’सकट अर्धी फाइल गेली. एक चूक काढताना तीन पेरली. म्हणून शोधताना शब्दानंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट असेल तेवढीच स्थाने घ्या, आणि प्रत्येक स्थान डोळ्यांनी पाहून बदला. ‘पुर्ण’, ‘दुरूस्त’ यांसारखी मोजकी रूपेच अशी आहेत की ती कुठल्याही बरोबर शब्दाच्या पोटात सापडत नाहीत. ती सरसकट बदलली तरी चालते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका

‘ॲप’मधला ‘ॲ’ तीन तऱ्हांनी टंकलेला आढळतो: एकसंध ‘ॲ’ (युनिकोड ०९७२, जो २००८च्या ५.१ आवृत्तीत आला), ‘अ’वर अर्धचंद्र, आणि ‘अ’, मध्ये अदृश्य जोडचिन्ह, मग अर्धचंद्र. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे. पण युनिकोडचे सामान्यीकरण यांना एक करत नाही, त्यामुळे मदतपानात ‘ॲप’ शोधणाऱ्याला अर्धी पाने सापडतच नाहीत. एकसंध अक्षर ठेवा. ‘ऑ’चेही असेच: ‘आ’ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र असे टंकलेले रूप काढून टाका. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेल्या मजकुरात ‘ो’ ही एक मात्रा नसून काना आणि त्यावर वेगळी मात्रा असते. एखाद्या फॉन्टमध्ये खपून जाते, दुसऱ्यात ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

‘दुसऱ्या’, ‘वापरणाऱ्या’, ‘उघडणाऱ्या’ यांतला ऱ्य. मराठीत हा रफाराहून वेगळा आहे आणि मदतपानांत पावलोपावली लागतो. ‘दुसर्या’ ही सरळ चूक. बरोबर रूप मात्र दोन प्रकारे साठवलेले असते: ‘ऱ’ (०९३१) अधिक हलन्त अधिक ‘य’, किंवा साधा ‘र’, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (२००डी) आणि ‘य’. दुसरा प्रकारही चुकीचा नाही. प्रकल्पात जो जास्त आहे तो ठेवा, मात्र ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे काढा’ असा सफाईचा प्रोग्रॅम फायलीवर कधी चालवू नका. तो चालला की सगळे ‘दुसऱ्या’ एका फटक्यात ‘दुसर्या’ होतात.

एखादे अक्षर कशाचे बनले आहे ते पाहायला व्हिम या संपादकात त्यावर कर्सर ठेवून ‘जीए’ दाबा. सगळे संकेतांक खाली दिसतात.

मजकुरात पेरलेल्या खुणा

अनुवादाच्या वाक्यात ‘%एस’, ‘%डी’ (प्रोग्रॅम चालताना मजकूर किंवा आकडा भरायच्या जागा), महिरपी कंसातली नावे, टॅग असे बरेच काही असते. ते अक्षरन् अक्षर तसेच राहायला हवे. एकही गळले तर प्रोग्रॅम चुकीची माहिती छापतो किंवा कोसळतो. शुद्धलेखनाशी यांचा संबंध प्रत्ययापाशी येतो. ‘%एस ला उघडता येत नाही’ यात प्रत्यय तुटका दिसतो म्हणून जोडावासा वाटतो. पण त्या जागी प्रत्यक्षात रोमन लिपीतले फायलीचे नाव येणार, आणि नावाचे सामान्यरूप कुणालाच ठाऊक नाही. मधे नाम घाला: ‘“%एस” ही फाइल उघडता येत नाही’. व्याकरणही सावरते आणि खूणही शाबूत राहते.

मेनूतल्या शॉर्टकट अक्षराची खूण जीटीकेत (ग्नोमचे मेनू काढणाऱ्या लायब्ररीत) खालची रेघ, क्यूटीत (केडीईच्या तशाच लायब्ररीत) अँपरसँड, लिबरऑफिसच्या जुन्या वाक्यांत नागमोडी टिल्ड अशी असते. मराठीत ती कंसातल्या रोमन अक्षरापुढे शेवटी ठेवण्याचा रिवाज आहे. व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्या मधोमध ही खूण पडली तर शब्द फुटतो आणि वाचणाऱ्याला ती शुद्धलेखनाची चूक वाटते. तसे दिसले तर शब्द सुधारू नका, खूण हलवा.

अनेकवचनी वाक्यांना मराठीत दोन रूपे असतात, शून्य आणि एक असे क्रमांक असलेली. एकात सुधारलेला शब्द दुसऱ्यातही सुधारा. हे हमखास विसरते.

पीओ फाइल हाताळताना

पोएडिट या पीओ संपादकात उघडून जतन केले की कधीकधी ओळींची लांबी बदलते आणि एका उकाराच्या बदलात हजार ओळी बदललेल्या दिसतात. तपासणारा असा बदल वाचत नाही, परत पाठवतो. पोएडिटच्या प्रगत पसंतींत मूळ मांडणी जपण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा, आणि धाडण्यापूर्वी गिटचा (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा) फरक स्वतः पाहा. जेवढे शब्द बदलले तेवढ्याच ओळी, शिवाय फारतर शीर्षभागातली तारीख आणि अनुवादकाचे नाव. मूळ कोडशी नव्याने जुळवणी करू नका. त्याने सगळे ओळक्रमांक हलतात आणि तुमची दुरुस्ती त्यात हरवते.

फार मोठ्या फायलीतून एकच शब्द असलेली वाक्ये वेगळी काढायची असतील तर ट्रान्सलेट टूलकिटमधले ‘पीओग्रेप’ वापरा, छोटी फाइल दुरुस्त करा आणि ‘पीओमर्ज’ने परत मिसळा. शेवटी ‘एमएसजीएफएमटी -सी’ हा गेटटेक्स्टचा तपासणीस चालवा. खुणा जुळत नसतील तर तो ओळक्रमांकासह सांगतो.

फझी वाक्यात चूक दिसली तर शब्द सुधारून खूण तशीच ठेवा. अर्थ मुळाशी ताडून पाहिला असेल तरच फझी काढा. शुद्धलेखन बरोबर आणि अर्थ भलताच, असे वाक्य प्रकाशित होण्यापेक्षा इंग्रजी दिसलेले बरे.

कुठून आणि कसे धाडायचे

लिबरऑफिसचा अनुवाद वेबलेट या ब्राउझरमधून अनुवाद करायच्या साधनावर होतो, मोझिलाचा पाँटून या तशाच साधनावर, ग्नोमचा ‘डॅम्ड लाइज’ या संकेतस्थळावरून. जिथे वेबलेट आहे तिथे गिटमध्ये थेट बदल पाठवू नका. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले की टक्कर होते आणि ती सोडवायला तिसराच माणूस बसतो. वेबलेटमध्ये अधिकार नसेल तर ‘सुचवा’ दाबा, आणि सूचनेला जोडून टिप्पणीत एका ओळीत कारण लिहा: ‘ऊन प्रत्यय दीर्घ’. पाँटूनवरही नवख्याचा बदल सूचना म्हणूनच तपासणाऱ्याच्या रांगेत जातो. डॅम्ड लाइजमध्ये आधी ती फाइल आपल्या नावावर राखून ठेवतात, मग उतरवून घेतात, दुरुस्त करून चढवतात आणि तपासणीसाठी सोडतात. राखून ठेवून महिनाभर तशीच ठेवू नका. तोवर दुसऱ्या कुणाला ती घेता येत नाही.

गिटमधून पाठवत असाल तर त्या फायलीतल्या शेवटच्या दहा नोंदींचे मथळे वाचा आणि त्याच धाटणीने लिहा. लिनक्स कर्नल ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ मागते, ‘गिट कमिट -एस’ने ती येते. पायथनमध्ये स्पेलिंगच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागत नाही. काही प्रकल्प आधी करारनामा भरायला लावतात. सहभागाच्या सूचनांची फाइल वाचायला पाच मिनिटे लागतात, ती द्या.

एका बदलात एकाच जातीची चूक. ‘वापरुन’चे ‘वापरून’, एकसष्ट वाक्यांत, हा बदल तपासणारा चहा निवायच्या आत मंजूर करतो. त्याच बदलात ‘फाईल’चे ‘फाइल’, दोन वाक्यांची फेररचना आणि एक नवा शब्द घुसडलात तर सगळे अडकते, कारण वाद असलेल्या एका शब्दापायी वादातीत एकसष्ट अडून राहतात. उलट टोकही टाळा: एकेका उकारासाठी एकेक पुल रिक्वेस्ट. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात पुल रिक्वेस्ट पाठवून मिळणाऱ्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी फायलींत निरर्थक विशेषणे आणि फालतू बदल घालून पुल रिक्वेस्टचा इतका पूर आणला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम फिरवावे लागले: प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तरच सहभाग मोजायचा. तेव्हापासून अनोळखी खात्यावरून आलेल्या एका शब्दाच्या दुरुस्तीकडे काही ठिकाणी संशयाने पाहतात. कारण लिहिलेली, नीट मोजलेली दुरुस्ती असेल तर तो संशय टिकत नाही.

मराठी चमूत तपासणारे थोडे असतात. दोन आठवडे हालचाल नसेल तर चमूच्या समन्वयकाला एकदा नम्र आठवण करा, सोबत बदलाचा दुवा द्या.

मंजूर झाल्यावर दोन कामे उरतात. शब्दावलीत चुकीचे रूप बसलेले असेल तर ते बदलून घ्या. आणि वेबलेटच्या अनुवाद-स्मृतीत जुने ‘सुरु करा’ अजून पडून असते, पुढच्या अनुवादकापुढे तेच सूचना म्हणून येते. दुसऱ्या भागात तीच चूक नव्याने उगवलेली दिसली तर बहुधा ती तिथूनच आलेली असते. त्या रूपाचा शोध जतन करून ठेवा आणि दर आवृत्तीच्या आधी, वाक्ये गोठण्यापूर्वी, एकदा चालवा.